‘मोकळी’ या शब्दाची किंमत

गेल्या वैशाखात आमच्या भागातल्या एका व्याख्यानमालेत एका विद्वान गृहस्थांचे भाषण ऐकण्याचा योग आला. विषय होता मुंबईचे बदलते रूप. गृहस्थ अभ्यासू होते, वाणी स्वच्छ होती आणि श्रोत्यांना हसवावे केव्हा व गंभीर करावे केव्हा, हे त्यांना नेमके ठाऊक होते. गिरणगावावर येताच ते म्हणाले, “गिरण्या मेल्या, जमीन मोकळी झाली आणि मोकळ्या जमिनीवर बाजाराने जे उभे करायचे ते उभे केले. हे अटळ होते. त्यावर अश्रू ढाळणे हा कादंबरीकारांचा व्यवसाय आहे. शहरे अश्रूंनी वसत नाहीत.” सभागृहात टाळ्या पडल्या. दुसऱ्या रांगेत बसलेल्या मीही सभ्यपणाच्या सवयीने टाळ्या वाजवल्या. घरी पोहोचेपर्यंत त्या टाळ्यांची मला लाज वाटू लागली होती. प्रस्तुत लेख हा त्या टाळ्या परत घेण्याचा प्रयत्न आहे.

मी कादंबऱ्या लिहितो हे खरे. पण पोटासाठी रात्रशाळेत मराठी शिकवतो. मी स्वतः मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही. (हल्ली त्या परीक्षेला दहावी म्हणतात, आमच्या चाळीत ती शेवटपर्यंत मॅट्रिकच राहिली.) तेव्हा अर्थशास्त्र व नगररचना या शास्त्रांत माझा अधिकार शून्य. व्याकरणात मात्र थोडाफार आहे. आणि माझे म्हणणे असे की, गिरणगावच्या जमिनीचा तंटा ज्या एका शब्दावर तुटला, तो तंटा व्याकरणाचाच होता. त्या विद्वान गृहस्थांनी जो शब्द इतक्या सहज उच्चारला, तोच तो शब्द: ‘मोकळी’.

जमीन मोकळी ‘असते’ आणि जमीन मोकळी ‘होते’ या दोन वाक्यांत फरक काय, असे मी वर्गात विचारले तर मागच्या बाकावरचा, दिवसभर घरोघरी सामान पोहोचवून थकलेला मुलगाही सांगेल, “सर, पहिली आधीपासून मोकळी आहे, दुसरीवर आधी काहीतरी होते.” बस्स. एवढाच फरक. या एवढ्याशा फरकाची किंमत मुंबईत काय झाली ती आता पाहू.

सन १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा एक नियम होता. मुंबईतल्या गिरण्याही ५८च मोजल्या जात, हा निव्वळ योगायोग. गिरणीच्या जमिनीचा पुनर्विकास करायचा तर ढोबळ मानाने तिचे तीन वाटे पाडावेत, असे तो नियम सांगे: एक तृतीयांश महापालिकेला उद्याने, मैदाने व सार्वजनिक सोयींसाठी, एक तृतीयांश गृहनिर्माण मंडळाला सामान्यांच्या घरांसाठी, आणि उरलेली मालकाला, त्याच्या मर्जीप्रमाणे विकायला. गिरण्यांची सारी जमीन सुमारे ६०० एकर धरली जाते. तिचा तिसरा हिस्सा २०० एकर. आपले शिवाजी पार्क साधारण २८ एकरांचे. म्हणजे दाटीने गुदमरलेल्या मध्य मुंबईला सात शिवाजी पार्के मिळतील एवढी जमीन कागदावर लिहून ठेवलेली होती. कुणाकडे भीक मागायची नव्हती, कुणाचे घर पाडायचे नव्हते.

त्या नियमात पळवाट होती हे मी लपवीत नाही. जुनी इमारत न पाडता आतल्या आत तिचा वापर बदलला तर वाटणी टळत असे. आणि पुष्कळ मालक जमीन वाटण्यापेक्षा ती तशीच धरून बसणे पसंत करीत. कामगारांची थकलेली देणी द्यायला पैसा हवा होता, तो जमिनीखेरीज दुसरीकडून येण्याजोगा नव्हता. तेव्हा नियम सुधारायला हवा होता, यात वाद नाही. वाद आहे तो कसा सुधारला याचा. २००१ साली नियमात बदल झाला आणि वाटणी फक्त ‘मोकळ्या’ जमिनीपुरती उरली. गिरणीच्या आवारात जेवढी जागा बांधकामाविना आधीपासून पडलेली, तेवढीच मोकळी. खाती, गोदामे, बॉयलरघर पाडून जी मोकळी होईल, ती मोकळी नव्हे! आता ज्याने गिरणी पाहिली आहे त्याला सांगायला नको की गिरणीच्या आवारात रिकामी जागा ती किती. भिंतीला भिंत लावून खाती बांधलेली. तीन वाट्यांच्या गोष्टीतले दोन वाटे एका शब्दाने गिळले.

पर्यावरणवाद्यांनी याविरुद्ध दाद मागितली. २००५च्या ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयाने म्हटले की, पाडल्यानंतर मोकळी होणारी जमीनही मोकळीच. ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. न्यायालयाला मी दोष देत नाही. न्यायाधीशापुढे जे वाक्य ठेवले जाते त्याचा अर्थ तो लावतो; वाक्य लिहिणारा दुसराच असतो. माझा सवाल त्या लिहिणाऱ्यांना आहे, आणि त्याहून अधिक ते लिहिले जात असताना गप्प बसलेल्या आपल्या सर्वांना.

तर त्या गृहस्थांना माझे पहिले उत्तर हे. अटळ पावसाला म्हणावे, भरतीला म्हणावे. पाऊस पाडण्यासाठी नियमात दुरुस्ती करावी लागत नाही. जी गोष्ट १९९१ साली एका रीतीने लिहिली होती, २००१ साली दुसऱ्या रीतीने लिहिली गेली, २००५ साली एका न्यायालयाने एका अर्थाने वाचली आणि २००६ साली दुसऱ्याने दुसऱ्या अर्थाने वाचली, तिला अटळ म्हणणे हा भाषेवर अत्याचार आहे. ‘बाजाराने उभे केले’ हेही तसेच. बाजार नियमाच्या आत उभा राहतो. नियमाने दार जेवढे उघडले तेवढाच तो आत शिरला.

मग गृहस्थ म्हणतील, “बरे, दार कमी उघडले असते, तर काय झाले असते? गवत उगवले असते!” याचे उत्तर द्यायला मला समुद्रापलीकडे जावे लागेल. मी तो देश पाहिलेला नाही. पारपत्र काढण्याचा प्रसंगच आला नाही. जे वाचले ते सांगतो.

जर्मनीत ऱ्हाइनला मिळणारी एम्शर नावाची नदी आहे. लांबीने ती सुमारे ८० किलोमीटर, म्हणजे आपल्याकडे नद्यांत तिची गणना कुणी केली नसती. तिच्या काठी कोळशाच्या खाणी आणि पोलादाच्या भट्ट्या उभ्या राहिल्या. खाणींमुळे जमीन सतत खचे. खचत्या जमिनीत गटाराचे नळ टिकत नाहीत. म्हणून सबंध नदीच गटार केली. काँक्रीटच्या उघड्या पाटातून लक्षावधी लोकांचे सांडपाणी विसाव्या शतकभर वाहत राहिले. पुढे खाणी मिटल्या, भट्ट्या विझल्या, आणि मागे उरली खचलेली, विषारी, कुणाला नको असलेली जमीन. बेकारी देशाच्या सरासरीहून अधिक. आपल्या गिरणगावाशी या वर्णनाचे साम्य वाटते ना?

तिथल्या राज्यसरकारने १९८९ साली दहा वर्षांचा एक कार्यक्रम हाती घेतला. त्याचे प्रमुख होते कार्ल गान्झर. १७ नगरपालिका एकत्र बसल्या. लक्षात घ्या, एक नव्हे, सतरा! प्रत्येकीने आपापली पडीक जमीन स्वतंत्र तुकडा म्हणून पाहिली नाही; सगळ्या तुकड्यांची मिळून एक सलग भूमी कशी होईल ते पाहिले. गावांच्या मधून उत्तर-दक्षिण हिरवे पट्टे राखण्याची कल्पना तिथे १९२०च्या सुमारापासून कागदावर होती. ती धुळीतून वर काढली. जुन्या मालवाहू रुळांच्या वाटा सायकलींच्या वाटा झाल्या. दहा वर्षांत सुमारे १२० कामे उभी राहिली आणि त्यांच्या पोटात ३२० चौरस किलोमीटरांचे उद्यानक्षेत्र आखले गेले.

ड्यूसबुर्ग शहराच्या मायडेरिश भागातला थिसेनचा लोखंडाचा कारखाना १९८५ साली बंद पडला. तो पाडून टाकावा, असा सोपा विचार तिथेही होताच. पण तिथल्या नागरिकांनी तो पाडू दिला नाही. पीटर लाट्झ नावाच्या रचनाकाराची योजना निवडली गेली आणि १९९४ साली सुमारे १८० हेक्टरांचे उद्यान लोकांना खुले झाले. या उद्यानात कारंजी व गुलाबाचे ताटवे शोधू नका. भट्ट्या जागच्या जागी उभ्या आहेत. एका भट्टीवर चढून माणसे सारा प्रदेश पाहतात. खनिजाच्या कोठारांच्या भिंतींवर गिर्यारोहणाचे शिक्षण चालते. वायूच्या प्रचंड टाकीत दोन कोटी लिटर पाणी भरले आहे आणि तिच्यात पाणबुडे बुड्या मारायला शिकतात. परदेशातून आलेल्या खनिजाबरोबर ज्या बिया आल्या, त्यांची रोपे रुळांमधून उगवली होती. ती ‘तण’ म्हणून उपटली नाहीत. काही विषारी माती जुन्याच कोठारांत बंदिस्त केली. कारखान्यातून वाहणारे एम्शरचे जुने पात्र, तेही गटारच. त्यातले सांडपाणी जमिनीखालच्या नळात घातले आणि वर छपरांवरून गोळा केलेले पावसाचे पाणी सोडले. या उद्यानाला तिकीट नाही आणि त्याचे दार रात्रीही बंद होत नाही.

नदीचे पुढे काय झाले? १९९२ साली काम सुरू झाले. खाणी त्या भागातून हटल्यामुळे जमीन खचायची थांबली होती, म्हणून आता जमिनीखाली नळ घालता आले. सुमारे साडेपाच अब्ज युरो लागले, तीस वर्षे लागली, आणि २०२१च्या अखेरीस एम्शरमधून सांडपाणी वाहणे थांबले. हे काम ज्या सहकारी मंडळाने केले ते १८९९ साली स्थापन झालेले. त्यात गावे आहेत, तसे कारखानदार व खाणमालकही आहेत. ज्याने घाण केली त्याने वर्गणी भरावी, हा त्यामागचा साधा हिशेब.

यावर आक्षेप येणार, आणि तो योग्य आक्षेप आहे, म्हणून तो मीच मांडतो. रूरची जमीन कवडीमोल होती. तिथे उद्यान करण्याने कुणाचे नुकसान झाले नाही. परळची जमीन सोन्याची. २००५ साली राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या पाच गिरण्यांच्या विक्रीतून २,००० कोटींच्या वर रुपये आले. एवढ्या मोलाच्या जागेवर झाडे लावणारा शहाणा म्हणावा काय?

माझे उत्तर असे. आमच्या नियमाने सगळी जमीन मागितली नव्हती, तिसरा हिस्सा मागितला होता. उरलेल्या सोन्यातून देणी फिटली असती, मालक गरीब झाला नसता. उलट पाहा: जमीन स्वस्त होती तिथे शेकडो मैल हिरवळ करायला अब्जावधी घालावे लागले, जमीन महाग होती तिथे तो हिस्सा फुकट हाती येत होता, आणि आपण तो नाकारला. महागाईची सबब उद्यानाच्या विरुद्ध जाते असे लोकांना वाटते. मला वाटते, ती उद्यानाच्या बाजूची आहे. जिथे हातभर जागाही विकत घेता येणार नाही, तिथेच कायद्याने राखलेली जागा डोळ्यांत तेल घालून सांभाळायची असते.

शिवाय न राखल्याची किंमतही कुणीतरी मोजतोच. सरकारने १९९६ साली वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांची समिती नेमली होती. गिरण्यांकडे सुटे सुटे तुकडे म्हणून पाहू नका, सगळ्यांची मिळून एक योजना करा, म्हणजे सलग मोकळ्या जागा मिळतील, हे तिच्या म्हणण्याचे सार. सतरा नगरपालिकांना जे जमले ते आपल्या एका नगरपालिकेला जमले नाही. प्रत्येक फाटकाआड वेगळा मालक, वेगळा नकाशा, वेगळा मनोरा. गिरण्यांच्या जागी कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांत हजारो माणसे आली, आणि स्थानके, पूल, गल्ल्या मात्र भोंग्याच्या काळातल्याच राहिल्या. २९ सप्टेंबर २०१७ रोजी तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे मेली. तीन महिन्यांनी, २९ डिसेंबरला, कमला मिलच्या आवारातल्या आगीत १४ जण गेले. जमिनीच्या विक्रीच्या हिशेबात हे ३७ जण कोणत्या रकान्यात लिहायचे, ते त्या विद्वान गृहस्थांनी सांगावे.

आता शेवटचा आक्षेप. तो विद्वानांचा नाही, माझ्याच घरातला आहे.

माझे वडील लोअर परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, तेव्हा मी जेमतेम दोन वर्षांचा. सुमारे अडीच लाख कामगार त्या संपात उतरले. तो संप मागे घेतल्याचे रीतसर कुणी कधी जाहीर केले नाही, आणि वडील मरेपर्यंत म्हणत, “मी रिटायर नाही रे, संपावर आहे.” हे म्हणताना ते दादरच्या बाजारात दुसऱ्याच्या गाळ्यावर कांदे तोलीत असत. २००५ साली त्यांच्या गिरणीचे साचेखाते पाडायला लागले, तेव्हा मी तरुण होतो आणि उद्यानाबिद्यानाच्या गोष्टी नुकत्याच कुठेतरी वाचल्या होत्या. मी उत्साहाने म्हणालो, “तात्या, इथे बाग व्हायला हवी होती.” ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “बागेत बसायला माणूस शहरात राहायला तर पाहिजे. आम्हाला आधी घर द्या, मग झाडं लावा.”

या वाक्याला मी आजवर उडवून लावू शकलेलो नाही, आणि लावू इच्छीतही नाही. बंद कारखान्यांवरच्या उद्यानांचे गोडवे गाणाऱ्यांनी ते रोज एकदा म्हणावे. कामगारांच्या घरांच्या सोडती २०१२ सालापासून निघत आहेत. अर्ज मात्र दीड लाखाच्या घरात. आणि घरे पुढे केली जातात ती शेलू-वांगणीची! २०२५च्या जुलैत गिरणी कामगार व त्यांचे वारस आझाद मैदानात जमले, ते याचसाठी की, ज्या मुंबईत आमच्या बापाने घाम गाळला तिथेच घर द्या.

आणि उद्यानही माणसांना हुसकावू शकते, हेही मला त्याच जर्मनीने शिकवले. डॉर्टमुंड शहराच्या ह्योर्डे भागात पोलादाचा एक कारखाना होता. तो २००१ साली बंद पडला, चिनी कंपनीने विकत घेतला, चिनी कामगारांनी तो सुटा करून जहाजाने आपल्या देशी नेला. मागे उरलेल्या खड्ड्यात १ ऑक्टोबर २०१० पासून पाणी सोडून २४ हेक्टरांचे तळे केले. तळे सुंदर आहे, फिरायला सर्वांना मोकळे आहे. पण काठावर जी घरे उठली ती पैसेवाल्यांची. शेजारी पोलाद कामगारांची जुनी वस्ती. त्या कारखान्याचे नाव ठाऊक आहे? फिनिक्स! आमच्या लोअर परळलाही याच नावाची गिरणी होती. तिच्या आवारातल्या बाजारपेठेचे नावही तेच आहे. राखेतून पुन्हा उठणारा तो पक्षी दोन्हीकडे उठला खरा. पण ज्यांच्या कष्टांची ती राख, ते त्याच्या पाठीवर कुठेच दिसले नाहीत.

तेव्हा वडिलांच्या वाक्याचे मी काय करतो? मी ते त्या १९९१च्या नियमाशेजारी ठेवून पाहतो, आणि मला दिसते की त्या नियमात घर आणि झाड हे दोन्ही वाटे शेजारी शेजारी होते. ‘आधी घर की आधी बाग’ हा झगडा आमच्यात लावून दिला गेला तो पुढे, दोन्ही वाटे आक्रसल्यावर. एका ताटातली भाकरी काढून घ्यायची आणि मग दोन भावंडांना उरलेल्या तुकड्यावर भांडायला लावायचे, असला हा प्रकार. मी माझ्या वडिलांशी त्या तुकड्यावरून भांडलो. आज भांडणार नाही.

बागेची गरज कुणाला असते, हेही एकदा मी डोळ्यांनी पाहिले. चार वर्षांपूर्वी रात्रशाळेच्या मुलांच्या कबड्डीच्या सरावासाठी जागा शोधीत आम्ही फिरत होतो. आमच्या शाळेला मैदान नाही. शेजारी जुन्या गिरणीच्या जागेवर मनोरा आहे, आणि त्याच्या पोटाशी, मोटारी ठेवण्याच्या मजल्यांच्या छपरावर, सुरेख हिरवळ आहे. रविवारी सकाळी एक तास मुले खेळतील, अशी विनंती करायला मी फाटकाशी गेलो. पहारेकऱ्याने मान खाली घातली. तो माझाच जुना विद्यार्थी. म्हणाला, “मास्तर, फळी वाचा ना. फक्त रहिवाशांसाठी. माझ्या पोरालाही आत घेता येत नाही.” त्याचे आजोबा त्याच जागेवर जॉबर होते. मी मुलांना घेऊन परत आलो. सराव वर्गातली बाके भिंतीशी सारून केला. ती हिरवळ नकाशात मोकळी जागा म्हणून मोजली जात असेल, तर पुन्हा तोच प्रश्न आला: मोकळी म्हणजे कुणाला मोकळी?

आपल्याकडे हे जमत नाही, असे मात्र कुणी म्हणू नये. धारावीच्या कडेला, मिठी नदीकाठी, जिथे वर्षानुवर्षे शहराचा कचरा टाकला जाई, तिथे सुमारे ३७ एकरांवर महाराष्ट्र निसर्ग उद्यान उभे आहे. १९९४ सालापासून ते लोकांना खुले आहे. मी दरवर्षी मुलांना तिथे नेतो. पायांखाली कचरा आहे असे सांगितले की ती आधी नाक दाबतात आणि मग फुलपाखरांमागे धावतात. ज्या भूमीवर आम्ही कचरा टाकला तिथे वन उगवू शकले. ज्या भूमीवर आमच्या बापांनी कापड विणले तिथे मात्र ते अशक्य ठरले, हे मला कुणी पटवून द्यावे.

आता माझ्या व्यवसायबंधूंकडे वळतो, कारण त्या गृहस्थांच्या बोलण्यात एक खरा काटा होता आणि तो मला बोचला. कादंबरीकार अश्रू ढाळतात, असे ते म्हणाले. ढाळतात! मी दोन कादंबऱ्यांत ढाळले. भोंगा, चाळ, बंद चिमणी, खाणावळीतली शेवटची पंगत हे सारे मी वापरले आणि वाचकांनी ते वाखाणले. चिमणी आम्हा लेखकांना फार आवडते. ती आता बाजारपेठेच्या मालकांनाही आवडू लागली आहे. एखादी शिल्लक ठेवून ते तिच्याभोवती दिवे लावतात. माझ्या कादंबरीतल्या चिमणीत आणि त्या दिव्यांच्या चिमणीत फरक काय, या प्रश्नाचे उत्तर मला देता येत नाही. दोन्हीकडे तिच्याखालची जमीन कुणाच्या नावावर गेली, याची चौकशी नाही.

२००१ साली तो नियम बदलला, तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो. शब्दांचे मला वेड होते. शब्दकोश उशाशी घेऊन झोपत असे. माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावरची शेकडो एकर जमीन एका विशेषणाच्या अर्थावर अडली होती आणि मला तिचा पत्ताही नव्हता. आपल्यापैकी किती लेखकांना होता? नगरविकासाच्या नोटिसा वर्तमानपत्राच्या आतल्या पानांवर बारीक अक्षरांत छापून येतात. ‘हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत’, असे त्यांत लिहिलेले असते. ते अक्षर आम्ही वाचीत नाही, कारण त्यात आम्हाला साहित्य दिसत नाही. पण हरकत घेऊन काही होत नाही, ही समजूतही खोटी आहे. २०१५च्या फेब्रुवारीत मुंबईच्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला. त्यावर इतक्या लोकांनी इतकी टीका केली की, एप्रिलमध्ये तो रद्द करून पुन्हा करायला घ्यावा लागला. ती माणसे जिंकली, कारण त्यांनी नकाशे वाचले.

गिरण्यांची गोष्ट बरीचशी संपली. पण बंद पडणाऱ्या उद्योगांची संपलेली नाही. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर, ससून डॉकपासून वडाळ्यापर्यंत, बंदराची शेकडो हेक्टर जमीन आहे. जुनी गोदामे, रूळ, जहाजे तोडण्याच्या जागा. तिचे काय करायचे, याच्या योजना कित्येक वर्षे चालल्या आहेत. नागपूरच्या १८७७ सालच्या एम्प्रेस गिरणीच्या जागेवर बाजारपेठ कधीच आली. पण बंद साखर कारखाने, ओस पडलेल्या औद्योगिक वसाहती महाराष्ट्रात गावोगावी आहेत. तिथे मागणी काय करावी, ते मी माझ्या अल्पबुद्धीप्रमाणे सांगतो. एकेक तुकडा विकायला काढण्याआधी सगळ्यांचा मिळून एक नकाशा लोकांपुढे ठेवावा. ज्यांनी तिथे काम केले त्यांच्या घरांचा वाटा आणि सर्वांच्या मोकळ्या जागेचा वाटा एकाच कलमात, एकाच वेळी लिहावा, म्हणजे त्यांचे भांडण लावता येणार नाही. मातीत काय मुरले आहे ते आधी तपासावे, आणि ज्याने मुरवले त्याने सफाईची वर्गणी भरावी. सगळे पाडून टाकू नये; भट्टीवर चढता येते, टाकीत पोहता येते, हे आता जगाने करून दाखवले आहे. आणि बागेला फाटक लावलेच, तर त्यावरची फळी काय लिहिते ते आधी वाचून घ्यावे.

त्या विद्वान गृहस्थांना मी पत्र लिहिणार होतो, ते राहून गेले. हाच लेख त्यांना पाठवीन. शहरे अश्रूंनी वसत नाहीत, हे त्यांचे म्हणणे मला मान्य आहे. ती वाक्यांनी वसतात. म्हणून यंदा दिवाळीची सुट्टी संपली की रात्रशाळेच्या वरच्या वर्गात, व्याकरणाच्या तासाला, मी पुस्तकातला उतारा बाजूला ठेवणार आहे आणि वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरची एखादी बारीक अक्षरांतली नोटीस फळ्यावर उतरवून घेणार आहे. कर्ता कोण, कर्म कोणते, आणि विशेषण कुणाच्या बाजूचे आहे, एवढे मुलांनी ओळखले तरी पुरे. हरकतीचा मसुदा मग आम्ही मिळून लिहू.